परग्रहावरही मतभेद असतील

पृथ्वीपासून चार प्रकाशवर्षांवरच्या एका ग्रहावर एक कर्मचारी आकाशाला कान लावून बसलेला असतो. त्याला नाव नाही. त्याच्या श्रवणकेंद्राला क्रमांक आहे, १३७९, आणि तीच त्याची ओळख. अशी हजारो केंद्रं त्या ग्रहावर आहेत. तीन सूर्यांच्या ओढाताणीत सापडलेला हा ग्रह कधी भाजून निघतो, कधी गोठून जातो, म्हणून तिथल्या समाजाला नवं घर हवं आहे. एक दिवस १३७९ च्या कानावर पृथ्वीचा संदेश पडतो. तो पृथ्वीला उलट कळवतो की कृपा करून उत्तर देऊ नका. दिलंत तर आमच्या लोकांना तुमचा ठावठिकाणा कळेल आणि तुमचं जग तुमच्या हातून जाईल.

लिउ त्सशिन या चिनी लेखकाच्या 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम' या कादंबरीतला हा प्रसंग आहे. कादंबरी २००६ मध्ये मासिकातून क्रमशः आली, २०१४ मध्ये इंग्रजीत गेली, २०१५ मध्ये तिला ह्यूगो पारितोषिक मिळालं आणि २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर तिची मालिका आली. पण लोकांच्या तोंडी राहिला तो पुढच्या भागातला, २००८ च्या 'डार्क फॉरेस्ट'मधला सिद्धांत. विश्व म्हणजे अंधारं रान. प्रत्येक संस्कृती म्हणजे त्या रानात बंदूक रोखून, पाय न वाजवता फिरणारा शिकारी. कुणाची चाहूल लागली की आधी गोळी झाडायची, कारण समोरचा मित्र की शत्रू याची विचारपूस करेपर्यंत तोच झाडेल. कादंबरीत या मांडणीला विश्वाचं समाजशास्त्र म्हटलं आहे आणि तिचा पाया दोन गृहीतकांवर आहे: जगणं ही प्रत्येक संस्कृतीची पहिली गरज असते, आणि संस्कृती वाढत राहते पण विश्वातलं द्रव्य वाढत नाही. परग्रहवासीयांचा विषय निघाला की हल्ली हे अंधारं रान हटकून निघतं, आणि ही एका कादंबरीतली कल्पना आहे हे विसरून ते निसर्गनियमासारखं सांगितलं जातं.

मला या समाजशास्त्रात समाजच दिसत नाही. प्रत्येक संस्कृती हा एकच शिकारी, त्याला एकच मन, एकच भीती. मग १३७९ कुठे गेला? ज्या लेखकानं आपल्याच लोकांविरुद्ध परक्यांना सावध करणारा तो एकाकी कर्मचारी उभा केला, त्याच लेखकाच्या सिद्धांतात अशा कर्मचाऱ्याला जागा उरलेली नाही. विज्ञानकथेतल्या परक्या समाजांकडे पाहताना मला हाच प्रश्न सगळ्यात कळीचा वाटतो. त्या समाजात आपसात पटत नाही असं कुणी आहे का? असेल तर ते कशावरून?

सिद्धांताची बाजूही नीट मांडली पाहिजे. चार प्रकाशवर्षांवरून पाहणाऱ्याला त्या समाजातले वाद दिसणारच नाहीत, आणि दिसले तरी शेवटी कुठल्या गटाची सरशी होईल हे कळणार नाही. एखाद्या देशात युद्धविरोधी लोक कितीही असोत, त्यांच्या असण्यानं त्या देशाचं सुटलेलं क्षेपणास्त्र माघारी फिरत नाही. प्रश्न सगळ्या मानवजातीच्या जिवाचा असेल तर वाईटात वाईट शक्यता धरून चालणं ही भित्रेपणाची खूण म्हणता येणार नाही. स्टीफन हॉकिंग यांनी २०१० मध्ये कोलंबसाचं आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं उदाहरण देऊन दिलेला इशारा याच जातीचा होता. खबरदारी म्हणून मला हे मान्य आहे. पण खबरदारीचा नियम वेगळा आणि समाजाचं चित्र वेगळं. ज्या वाचकाच्या मनात हे चित्र घट्ट बसतं तो पुढे शेजारच्या देशाकडे, शेजारच्या वस्तीकडेही तसाच पाहायला शिकतो, आणि मग तिकडच्या प्रत्येक १३७९ चा आवाज त्याच्या हिशेबातून गळून पडतो.

एकाच मनाचा समाज ही कल्पना मात्र लिउ यांची नव्हे. एच. जी. वेल्सनं १९०१ मध्ये 'द फर्स्ट मेन इन द मून' लिहिली. चंद्राच्या पोटात राहणारे तिथले सेलेनाइट हे कीटकांसारखे जीव. ज्याचं जे काम त्याला साजेसं शरीर त्याला लहानपणापासून दिलं जातं. कॅव्हर हा शास्त्रज्ञ तिथे अडकून पडतो आणि पृथ्वीकडे बातम्या पाठवत राहतो. एका ठिकाणी त्याला बरण्यांत कोंबलेली सेलेनाइट पिल्लं दिसतात. फक्त पुढचे हात बाहेर, बाकी शरीर दाबून ठेवलेलं, कारण पुढे त्यांना एक ठरावीक यंत्र चालवायचं आहे. ज्यांना सध्या काम नाही अशा कामगारांना गुंगी देऊन निजवून ठेवलेलं असतं. कॅव्हर क्षणभर हादरतो आणि मग स्वतःची समजूत घालतो की पृथ्वीवर आपण मुलाला आधी माणूस म्हणून वाढू देतो आणि नंतर त्याचं यंत्र करतो, त्यापेक्षा हे दयाळूपणाचं आहे. १९०१ च्या इंग्लंडमधल्या गिरणीवर आणि बेकारीवर याहून जहरी टीका क्वचितच झाली असेल.

महाराष्ट्रातला वाचक हे पान वाचताना लंडनच्या वाचकापेक्षा वेगळ्या ठिकाणी थबकतो. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिलं होतं की कामाची वाटणी सगळ्याच समाजांत असते, जातिव्यवस्थेनं मात्र काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी केली आणि वर त्यांची उतरंड लावली. वेल्सचा चंद्र हे त्या उतरंडीचं शरीरात उतरलेलं रूप आहे. पण बाबासाहेबांचं पुस्तक हे त्या व्यवस्थेच्या आतून उठलेल्या माणसाचं होतं. वेल्सच्या चंद्रावर असं कुणी उठत नाही. बरणीतल्या पिल्लाला काय वाटतं हे कॅव्हर विचारत नाही, आणि वेल्सही त्याला विचारायला लावत नाही. चंद्रावरच्या व्यवस्थेबद्दल जे काही बोललं जातं ते पाहुणा बोलतो किंवा तिथला राजा बोलतो. टीका म्हणून ही कादंबरी अजून धारदार आहे. समाजाचं चित्र म्हणून ती अर्धी राहते.

वेल्सनंतर हा कीटकसमाज पुन्हा पुन्हा येत राहिला. हाइनलाइनच्या 'स्टारशिप ट्रूपर्स'मधले १९५९ चे किडे, ऑर्सन स्कॉट कार्डच्या १९८५ च्या 'एन्डर्स गेम'मधली राणीच्या मनानं चालणारी जमात, 'स्टार ट्रेक'मधले १९८९ पासून दिसणारे बोर्ग. तिथे राणीनं किंवा समूहमनानं ठरवायचं आणि बाकीच्यांनी हलायचं. 'स्टार ट्रेक'च्या इतर ग्रहांवरही प्रकार फार वेगळा नसतो. क्लिंगॉन म्हटलं की योद्धे, फेरेंगी म्हटलं की नफेखोर. अख्ख्या ग्रहाला एक स्वभाव, जणू तो ग्रह नसून नाटकातलं एक पात्र आहे. तीन-चार दशकं लेखकांनी भर घालून त्यात रंग भरले हे खरं, तरी पहिला साचा सुटता सुटत नाही.

गंमत अशी की खरं मोहोळ असं चालतच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या म्युनिकमध्ये मार्टिन लिंडाउअर या जर्मन संशोधकाला फांदीला लोंबणाऱ्या मधमाश्यांच्या थव्यावर काजळी माखलेल्या माश्या नाचताना दिसल्या. त्या अन्न शोधून आलेल्या नव्हत्या, धुराडी आणि पडकी घरं धुंडाळून नव्या घराची जागा पाहून आलेल्या होत्या. पुढे अमेरिकेत थॉमस सीली यांनी हे काम कित्येक वर्षं चालवलं. मोहोळ उठतं तेव्हा काही शे शोधक माश्या वेगवेगळ्या जागा पाहून येतात, आणि ज्या माशीला जी जागा पसंत ती त्या जागेच्या बाजूनं नाचते. दुसऱ्या जागेच्या बाजूनं नाचणारीला धडक देऊन थांबवण्याचा प्रयत्नही होतो. हळूहळू एका जागेवर पुरेशा माश्या जमल्या की निर्णय होतो. राणी माशीला या सगळ्यात मत नसतं. शिवाय पोळ्यात कामकरी माश्या कधीमधी चोरून अंडी घालतात आणि दुसऱ्या कामकरी माश्या ती शोधून खातात. एकदिलानं राबणारं पोळं हे आपण दुरून पाहून रचलेलं चित्र आहे.

आपल्याकडचं उदाहरण आणखी बोलकं आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी 'रोपॅलिडिया मार्जिनाटा' या गांधीलमाशीचा काही दशकं अभ्यास केला. कागदासारखं घरटं बांधणारी ही आपल्याकडची माशी. तिच्या घरट्यातली राणी इतकी मवाळ असते की वागणुकीवरून ती ओळखता येत नाही. कामं कामकरी माश्या आपसात लावून घेतात. राणीला बाजूला केलं की काही मिनिटांतच एक कामकरी माशी एकदम आक्रमक होते, बाकीच्या तिला वारस म्हणून स्वीकारतात, आणि दिवस उलटतात तशी तीही मवाळ होत जाते. विशेष म्हणजे ती वारस कोण हे राणी असेपर्यंत माणसाला ओळखू येत नाही. या एका घरट्यात सत्ता, वारसा, राग आणि संमती यांची जी गुंतागुंत आहे ती कित्येक विज्ञानकथांतल्या अख्ख्या आकाशगंगेत नसते.

इथे पोलिश लेखक स्टॅनिस्लाव लेम यांचा आक्षेप समोर येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. लेम विचारतील की परक्यांत मतभेद शोधणं हासुद्धा आपलाच चेहरा शोधणं नाही का? त्यांच्या १९६१ च्या 'सोलारिस'मध्ये अख्ख्या ग्रहावर एकच रहिवासी आहे, एक प्रचंड समुद्र. माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याचा अभ्यास करतात, ग्रंथालयं भरतात, पंथ काढतात, आणि समुद्राबद्दल खात्रीनं सांगता येईल असं काहीच हाती लागत नाही. परग्रहवासी समाजात कुटुंब असेल, सत्ता असेल, भांडण असेल हे आपण धरूनच चालतो. खरोखर परकं असेल ते या शब्दांत बसणारच नाही. विज्ञानकथेच्या आळसावर इतका कठोर आघात दुसऱ्या कुणी केलेला मला माहीत नाही, आणि 'सोलारिस' वाचल्यावर कपाळावर दोन उंचवटे चिकटवून परग्रहवासी होणारी पात्रं पुन्हा गंभीरपणे घेणं अवघड होतं.

तरीही लेम यांनी स्वतः जेव्हा समाज लिहायला घेतला तेव्हा काय झालं ते पाहण्यासारखं आहे. १९५९ च्या 'इडन'मध्ये पृथ्वीचं यान एका ग्रहावर कोसळतं. दलाला एक कारखाना दिसतो, जो स्वतःचाच माल पुन्हा वितळवून पुन्हा घडवत असतो. प्रेतांनी भरलेले खड्डे दिसतात. कशाचाच अर्थ लागत नाही. मग तिथला एक रहिवासी आपण होऊन यानाकडे येतो, आणि तोडक्यामोडक्या यांत्रिक भाषांतरातून एवढंच समजतं की इथे सत्ता आहे पण ती निनावी आहे, आपण आहोत हेच ती नाकारते. पोलंडमध्ये १९५९ साली हे लिहिणाऱ्याला काय ठाऊक होतं हे वेगळं सांगायला नको. दल हस्तक्षेप करत नाही, कारण आपल्याला समजलं ते पुरेसं नाही याची त्यांना जाणीव आहे. पण जे थोडंफार समजलं ते त्या एका चुकार रहिवाशामुळे. लेम यांनासुद्धा दार उघडायला आतलाच माणूस लागला.

मात्र आतून दार उघडणाऱ्यावर किती विसंबायचं? मानववंशशास्त्राला हा प्रश्न जुना आहे. परक्या गावात गेलेल्या अभ्यासकाशी आधी कोण बोलायला येतं? बहुधा गावाशी ज्याचं फारसं जमत नाही तो. त्याच्या डोळ्यांनी गाव पाहिलं की गावाचं वाकडं तेवढं ठळक दिसतं. शिवाय आपल्याशी सहमत होणारा परका आपल्याला लगेच शहाणा वाटतो. १३७९ ला पृथ्वीची दया आली म्हणून तो मला आवडतो, हे मला कबूल केलं पाहिजे. परग्रहावरचा बंडखोर जर नेमका आपल्याच मूल्यांसाठी बंड करत असेल तर लेखकानं परक्या समाजात आपला एक प्रतिनिधी नेमला, एवढंच त्याचं मोल.

अर्सुला ले ग्विन या मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांच्या कन्या. हा धोका त्यांना घरातूनच माहीत असावा. त्यांच्या १९६९ च्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'मध्ये गेथेन या बर्फाळ ग्रहावर एस्ट्राव्हेन हे पात्र आहे, कारहाइडच्या राज्याचं पंतप्रधान. ग्रहाबाहेरून आलेल्या दूताला मदत केल्याबद्दल त्याच्यावर देशद्रोहाचा शिक्का बसतो. वरवर पाहता हा पुन्हा पाहुण्याच्या बाजूचा बंडखोर. पण कादंबरीचा अर्ध्याहून अधिक भाग त्या दूताला एस्ट्राव्हेनचं बोलणं कळतच नाही. मान राखत, आडवळणानं, दुसऱ्याला थेट सल्ला न देता बोलायची तिथली रीत आहे, आणि एस्ट्राव्हेन त्या रीतीतच विरोध करतं. दूताला ती लबाडी वाटते. विरोध करणारं त्या समाजाच्या बाहेर पडलेलं नसतं. ते पुरतं त्याच समाजाचं असतं.

वरच्या परिच्छेदात मी एस्ट्राव्हेनला 'हा बंडखोर' म्हटलं आणि पुढे 'विरोध करतं' असं नपुंसकलिंगी क्रियापद वापरलं. हा घोळ हाताच्या चुकीनं झालेला नाही. गेथेनवर कायमचे स्त्री किंवा पुरुष नसतात. महिन्यातले काही दिवस शरीर जागं होतं आणि तेव्हा कोण काय होईल हे आधी ठरलेलं नसतं. आज जे आई झालं ते उद्या दुसऱ्या मुलाचा बाप होऊ शकतं. कादंबरीतला राजाच गरोदर राहतो. वंश मोजला जातो तो ज्यानं पोटी वाढवलं त्याच्याकडून. बाळंतपण कुणाच्याही वाट्याला येऊ शकत असल्यानं ते कुणा एकाच्या गळ्यात बांधता येत नाही. ले ग्विन यांनी सगळ्यांसाठी इंग्रजीतलं पुल्लिंगी सर्वनाम वापरलं आणि त्यावर टीका झाली की गेथेन हे पुरुषांचंच जग वाटतं. त्यांनी सुरुवातीला बाजू सांभाळली, पुढे टीका मान्य केली. त्याच ग्रहावरच्या 'विंटर्स किंग' या कथेत तर १९७५ च्या संग्रहासाठी त्यांनी राजा हा शब्द तसाच ठेवून सर्वनामं स्त्रीलिंगी केली.

मराठीत हा पेच आणखी घट्ट आवळला जातो. इंग्रजीत एक सर्वनाम बदललं की सुटका होते. मराठीत क्रियापद, विशेषण, सगळंच लिंग सांगतं. गेथेनवरचं माणूस स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो' म्हणणार की 'मी आले'? दमलेला, दमलेली की दमलेलं? पण मराठीकडे एक देणगीही आहे. आपलं नपुंसकलिंग फक्त दगडधोंड्यांसाठी नाही. लेकरू आलं, पोर झोपलं, भावंड भेटलं असं आपण मायेनं म्हणतो. 'ते माणूस फार गुणी' असंही कानावर येतं. गेथेन मराठीत आणणाऱ्यानं हा लेकराचा सूर मोठ्यांसाठी वापरून पाहावा असं मला फार वाटतं. आणि नात्यांचं काय करायचं? इरावती कर्वे यांनी १९५३ च्या त्यांच्या ग्रंथात भारतातली नातेव्यवस्था मांडली तेव्हा नात्यांच्या शब्दांचा भाषावार कसून अभ्यास केला होता, कारण समाजाची हाडं त्या शब्दांत असतात. आत्या, मावशी, काका, मामा ही चार माणसं आपल्याकडे मान, हक्क, आहेर आणि सोयरीक या सगळ्यांत वेगळी. गेथेनवर चाराची दोनच उरतात: पोटी वाढवणाऱ्याचं भावंड आणि दुसऱ्याचं भावंड. तिथल्या लग्नात मामाचं काम कोण करेल याचा विचार करत बसलं की परक्या समाजाची कल्पना करणं म्हणजे काय ते कळू लागतं.

मग बंडखोरावर विश्वास ठेवायचा की नाही? माझ्यापुरता मी असा निवाडा केला आहे की भांडण त्यांचं आहे की आपलं हे पाहावं. जे भांडण पृथ्वीवर होऊच शकत नाही ते जर मला खरं वाटलं, त्यात बाजू घ्यावीशी वाटली, तर तो समाज उभा राहिला.

व्हर्नर विंजी या अमेरिकी गणितज्ञ लेखकाच्या १९९९ च्या 'अ डीपनेस इन द स्काय'मध्ये असं भांडण आहे. एका ताऱ्याचा प्रकाश ठरावीक वर्षं असतो, मग दीर्घकाळ विझतो. त्याच्या ग्रहावरचे कोळ्यांसारखे जीव काळोखात खोल बिळांत गोठून निजतात. साहजिकच सगळ्यांनी मुलं ठरलेल्या काळातच जन्माला घालायची असा पुरातन दंडक आहे. विज्ञानानं काळोखावर मात करता येईल असं दिसू लागतं तेव्हा एक जोडपं अवेळी मुलं जन्माला घालतं, आणि त्या मुलांचा आवाज रेडिओवर घरोघर पोचतो. मुलं अवेळची आहेत हे फुटल्यावर समाज दुभंगतो. अवेळी जन्मलेलं मूल म्हणजे पाप, हे आपल्या नीतीत कुठेही बसत नाही, तरी वाचताना त्या मुलांसाठी जीव कासावीस होतो. परंपरेच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणंही पोकळ वाटत नाही. दंडकानं त्यांना असंख्य काळोखांतून जगवलेलं असतं. आणि विंजी आणखी एक पाऊल टाकतात. हे कोळी आपल्याला इतके घरगुती, इतके आपल्यासारखे वाटतात ते मानवी भाषांतरकारांनी त्यांना तसं लिहिलं म्हणून, हे उशिरा कळतं. लेम यांच्या आक्षेपाला कादंबरीच्या रचनेतूनच दिलेलं हे उत्तर आहे. आरसा आहे हे मान्य, आणि आरसा कुणी धरला तेही दाखवलं आहे.

त्यांच्याच १९९२ च्या 'अ फायर अपॉन द डीप'मधले टाइन तर मला याहूनही सरस वाटतात. कुत्र्यांसारखे दिसणारे चार ते आठ प्राणी मिळून एक व्यक्ती होते. एकेकटा प्राणी जवळजवळ मुका. ते आपसात कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजानं विचार करतात. एवढा एकच बदल विंजी यांनी केला आणि त्याचे धागे शेवटपर्यंत ओढले. दोन व्यक्ती फार जवळ आल्या तर विचार एकमेकांत मिसळतात, म्हणून बाजारात गर्दी नाही, सैन्याला खांद्याला खांदा लावता येत नाही. एक प्राणी मेला तर माणूस मरत नाही, बदलतो. म्हातारं होत चाललेलं मन आपल्यात कुठलं पिल्लू घ्यायचं ते निवडतं आणि शेकडो वर्षं आपण तेच राहावं म्हणून स्वतःच्याच रक्तात गुंतत जातं. दुसरं कुणी परक्यांचे तुकडे जोडून हवी तशी माणसं घडवतं. मी तोच राहावं की बदलावं, आणि दुसऱ्याला घडवण्याचा हक्क कुणाला, यावर तिथे राज्यं झुंजतात. ऑक्टाव्हिया बटलर यांच्या १९८४ च्या 'ब्लडचाइल्ड'मध्ये हा झगडा एका स्वयंपाकघराएवढ्या जागेत होतो. परग्रहवासीयांची अंडी माणसाच्या शरीरात वाढतात, त्या बदल्यात माणसांना आसरा मिळालेला आहे. अंडी वाहायला निवडलेला मुलगा हातात बेकायदा बंदूक घेऊन एवढंच मागतो की ही बंदूक घरात राहू दे, तूही थोडा धोका पत्कर. जिच्याशी तो बोलतो तिचं त्याच्यावर प्रेम आहे. यात कोण गुलाम आणि कोण सोयरा हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मराठी विज्ञानकथेनं या वाटेवर पावलं कमी टाकली असं माझ्या वाचनावरून वाटतं. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावानं 'कृष्णविवर' पाठवली, त्यानंतर मराठीत विज्ञानकथेला जी प्रतिष्ठा आली ती मोठी आहे. पण आपल्या कथांत परग्रहवासी आले ते पाहुणे म्हणून, संकट म्हणून, कधी शहाणे गुरू म्हणून; त्यांच्या ओसरीवर बसून त्यांची भावकी, त्यांचे बांधावरचे तंटे, त्यांच्या सुनांची गाऱ्हाणी आपण फारशी ऐकली नाहीत. बलुतेदारी, गावकी, सोयरीक, बहिष्कार, सत्यशोधक हे सगळं ज्या भाषेनं पाहिलं आहे तिच्याकडे परक्या समाजाची रचना कल्पायला लागणारा ऐवज भरपूर आहे.

स्वतःचं चित्र काढताना आपण तरी काय केलं? १९७४ मध्ये अरेसिबोच्या दुर्बिणीतून पाठवलेल्या १६७९ अंकांच्या संदेशात मानवजातीसाठी एकच आकृती आहे आणि शेजारी लोकसंख्येचा आकडा. १९७७ च्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत पंचावन्न भाषांतली अभिवादनं आहेत, मराठीतलंही आहे. युद्ध, दारिद्र्य, रोग यांना मात्र कार्ल सेगन यांच्या समितीनं विचारपूर्वक बाहेर ठेवलं. अनोळखी दारात जाताना भांडणं घरी ठेवून जावं ही त्यांची भावना मी समजू शकतो. त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. त्या आवाजामागे अल्लादिया खाँसाहेबांची तालीम आहे, जयपूर-अत्रौली घराणं आहे, देवळाशी बांधलेला कलावंत समाज आहे, बाईनं कुठे गावं आणि कुणापुढे गावं याचे दंडक आहेत, आणि ते मोडून स्वतःच्या अटींवर गायलेली एक मानी बाई आहे. तबकडी ऐकणाऱ्याला यातलं काय कळेल? एका ग्रहाचा एक सूर, एवढंच. आपण क्लिंगॉनांना केलं तेच स्वतःला करून पाठवलं आहे.

म्हणून मला राहून राहून त्या श्रवणकेंद्रांचा विचार येतो. १३७९ नं आपला निर्णय एकट्यानं घेतला, पण केंद्रं हजारो होती. पृथ्वीचा संदेश १३७८ च्या कानावर आधी पडला असता तर? त्यानं तो तसाच वर कळवला असता, की दाबून ठेवला असता, की जोडीदाराला सांगून रात्रभर त्यावर वाद घातला असता? १३८० ला हे नंतर समजलं तेव्हा शेजारच्या केंद्रातल्या सहकाऱ्याबद्दल तो काय म्हणाला असेल?